चांगला पाय स्वर्गात

आमच्या आत्याच्या मते मी इंग्लंडात गोऱ्या लोकांचे पाय चेपते. हे मत तिनं सांगलीच्या विश्रामबागेपासून तासगावच्या चुलत्यांपर्यंत सगळीकडे पोचवलंय आणि वर 'पण पगार पौंडात देतात हो' अशी पुरवणीही जोडली आहे. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची पदवी, डिसेक्शन हॉलमधला डोळे चुरचुरवणारा फॉर्मॅलिनचा वास, खांद्यातून हातात उतरणाऱ्या नसांचे रात्र रात्र घोकलेले फाटे, या सगळ्याचा तिनं एका वाक्यात निकाल लावला.

रागावायची सोय नाही, कारण इतिहास आत्याच्या बाजूनं आहे. लंडनमध्ये मसाजच्या पाट्या लावून आत भलतेच उद्योग चालतात अशी १८९४ साली बोंब झाली. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नं डॉक्टरांना सावध केलं. तेव्हा रीतसर मालिश शिकलेल्या चार परिचारिकांनी 'सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस' काढली. आम्ही त्यातल्या नव्हे, एवढंच त्यांना जगाला सांगायचं होतं. नियमही त्याच बेताचे. डॉक्टरनं सांगितल्याखेरीज कुणाला हात लावायचा नाही, पुरुषांचं सर्वांगाचं मालिश करायचं नाही, साध्या वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची नाही. १९२० मध्ये राजाची सनद मिळाली, १९४४ मध्ये नावातलं मालिश गळालं आणि 'चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी' झाली. सव्वाशेहून जास्त वर्षं एक अख्खा व्यवसाय 'आम्ही पाय चेपत नाही' असं घसा फोडून सांगतोय आणि सांगलीत एक बाई ऐकायला तयार नाही.

आपल्याकडे हे शास्त्र पोलिओच्या मागोमाग आलं. मुंबईत साथ येऊन गेली, लुळ्या पायांची पोरं मागे राहिली, आणि १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं केईएममध्ये देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. इतकी पुण्याई गाठीशी असलेला हा व्यवसाय सांगलीत पोचेपर्यंत त्याचं नाव 'शेक' झालं होतं.

"शेक घ्यायला आलोय," म्हणतच पेशंट आत यायचे. निदान घरीच झालेलं असायचं. मणक्यात गॅप पडलाय. गादी सरकलीय. गुडघ्यातलं वंगण संपलंय. माझ्याकडून फक्त मशीन लावून हवं असायचं, आणि कुठलं मशीन गुणाचं हे त्याला दिवे किती लागतात यावर ठरायचं. व्यायाम सांगितला की चेहरे उतरायचे. "ते करतो हो घरी, तुम्ही आधी करंट लावा." पेशंटबरोबर जीपभर माणसं. मी सासूबाईंना पाय उचलायला सांगायची आणि सून तो उचलून द्यायची. "त्यांना स्वतःला उचलू दे," म्हटलं की सून माझ्याकडे अशी बघायची, की ही बाई कुठल्या घरात वाढली असेल. दहापैकी किती दुखतंय, या प्रश्नाला तासगावच्या एका द्राक्षबागायतदारांनी "शंभर" असं उत्तर दिलं होतं आणि बरोबरच्या पाचही जणांनी माना डोलावल्या होत्या.

स्पर्धाही तुल्यबळ होती. मागच्या गल्लीत एक पायाळू गृहस्थ राहायचे. उसण भरली की लोक त्यांच्यापुढे पाठ करून उभे राहायचे आणि ते एक लाथ घालायचे. पैसे घ्यायचे नाहीत. माझी दहा सीटिंग, त्यांची एक लाथ. शिवाय माझ्याकडे यायचं तर टॉवेल घरून आणावा लागे.

इंग्लंडला जायचं ठरलं त्यात थोडं कर्ज होतं, थोडी हौस होती, आणि बरंचसं मैत्रिणींचे फोटो होते. त्यासाठी आधी 'हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल'कडे नोंदणी करावी लागते. तिथे 'फिजिओथेरपिस्ट' हे बिरुद कायद्यानं राखून ठेवलेलं आहे, नोंदणी नसताना लावलं तर गुन्हा. ते मिळवायचं तर आपण कॉलेजात काय काय शिकलो, किती तास शिकलो, याचा हिशेब कॉलेजच्या सहीशिक्क्यानिशी द्यायचा. आमच्या ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी तो फॉर्म चष्मा वर करून वाचला, चष्मा खाली करून वाचला आणि म्हणाले, "सत्तेचाळीसला गेले की हे. आता परत कसला हिशेब मागतात?" शिक्का द्यायला त्यांनी दिवाळीपर्यंत वेळ मागून घेतला. त्यात दिवाळीनंतर शिक्काच सापडेना. इंग्रजीची परीक्षा त्यामानानं सोपी. आयईएलटीएसमध्ये सरासरी ७ लागतात आणि कुठल्याच भागात ६.५ च्या खाली यायचं नाही. ऐकण्याच्या भागात माझे गुण छान आले, आणि या परीक्षेत स्टोकचा उच्चार का ठेवत नाहीत ते मला पुढे कळलं.

कारण नोकरी लागली ती स्टोक-ऑन-ट्रेंटला. लंडन म्हणून सांगण्यात जो रुबाब आहे तो यात नाही. आत्यानं शेवटी 'लंडनच्या पलीकडे' असं ठरवून टाकलं. टनस्टॉल, बर्सलेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन अशी सहा गावं एकमेकांना चिकटून हे शहर झालंय आणि साही गावांना अजून उरलेली पाच आवडत नाहीत. एवढं कळल्यावर मला सांगली-मिरज सोडून आल्यासारखं वाटलंच नाही. दोनतीनशे वर्षं इथं चिनी मातीची भांडी घडली आणि बाजूला कोळसा निघाला. आता कोळशाच्या खाणी बंद आहेत, भट्ट्या बहुतेक थंड आहेत, आणि त्यात उमेदीची वर्षं घालवलेली माणसं माझ्या वॉर्डात आहेत. सकाळी ती ओटकेक खातात. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा घावनच वाटलं, तव्यावरची जाळीसुद्धा तशीच. आत चीज आणि बेकन घालतात, तो ज्याचा त्याचा प्रश्न. सांगलीत मी 'डॉक्टर मॅडम' होते, इथे पहिल्याच सकाळी 'डक' झाले. बस ड्रायव्हरपासून सर्जनपर्यंत सगळेच एकमेकांना लाडानं डक म्हणतात, त्यामुळे तक्रार करायची कुणाकडे हाही प्रश्न होता.

या गावाची खरी सवय म्हणजे बशी उलटी करणं. हॉटेलात असोत, लग्नात असोत, पुढ्यात भांडं आलं की आधी ते उपडं करून बुडाचा शिक्का बघायचा. कुणाच्या कारखान्यातलं, कुठल्या गावचं. हे मी वॉर्डात पाहिलं. सहा नंबरच्या खाटेवरचे आजोबा (गोपनीयतेचा नियम कडक आहे, तेव्हा खाटेचा नंबरही बदललाय) खुब्याचं हाड मोडून आले होते. हात थरथरायचे, चमचा धरवत नव्हता. पण चहाची बशी आली की दोन बोटांत धरून मनगटाची एकच सफाईदार गिरकी, बूड वर. माझ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट मैत्रिणीनं त्यांच्या हाताच्या हालचालींचा दोन पानी तक्ता भरत आणला होता. तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "हे कुठल्या रकान्यात टाकू?"

आणि या शहराचं आमच्या धंद्याशी नातं जुनं आहे. बर्सलेममध्ये १७३० साली जन्मलेला जोसाया वेजवुड लहानपणी देवीच्या आजारातून वाचला, पण उजवा गुडघा कायमचा अधू झाला. कुंभाराचं चाक पायानं फिरवायचं असतं, ते त्याला जमेना. मग तो चाक सोडून मातीचे, झिलईचे, रंगांचे प्रयोग करत बसला आणि त्यातून राणीच्या टेबलावर जाणारी भांडी घडवणारा वेजवुड तयार झाला. १७६८ मध्ये तो पाय गुडघ्याच्या वर कापला, भूल नावाची गोष्ट जगात यायला तेव्हा ऐंशीएक वर्षं अवकाश होता. पुढे तो लाकडी पायावर कारखानाभर हिंडायचा आणि मनासारखं न उतरलेलं भांडं त्याच पायानं फोडायचा असं अजून सांगतात. चार्ल्स डार्विन हा त्याचा नातू. वेजवुडच्या वेळी फिजिओथेरपिस्ट असता तर गुडघा सुधारला असता, तो आयुष्यभर चाक फिरवत बसला असता आणि स्टोकचं काही खरं नव्हतं. आमच्या व्यवसायाच्या अनुपस्थितीनं उभं राहिलेलं असं दुसरं शहर मला माहीत नाही.

तर मी कामावर रुजू झाले. इथे पगाराच्या पायऱ्यांना बँड म्हणतात, आणि सांगलीतली माझी सगळी वर्षं, सगळे 'मॅडम, तुमच्या हाताला गुण आहे' जमेला धरूनही मी पाचव्या बँडवर, म्हणजे कालपरवा पास झालेल्या पोरांच्या रांगेत. पहिल्या दिवशी मनगटावरचं घड्याळ, बांगड्या सगळं उतरवून ठेवावं लागलं. कोपराच्या खाली हात उघडे, फक्त साधी अंगठी चालते. दुसऱ्या दिवशी कंबरदुखीच्या ओपीडीत पाठवलं. मी सवयीनं चौफेर पाहिलं आणि विचारलं, "मशीन कुठं आहेत?"

मशीन नव्हती. नाइस नावाची इथली संस्था कशाला गुण आहे आणि कशाला नाही याचे निकाल देते. २०१६ मध्ये तिनं कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन देऊ नका, अल्ट्रासाऊंड देऊ नका, टेन्स देऊ नका, इंटरफेरेन्शियल देऊ नका, पट्टेही देऊ नका, असं एका पाठोपाठ एक लिहून ठेवलंय. मी ती यादी वाचत गेले. माझ्या सांगलीच्या दवाखान्याची ती सामानसुमानाची यादीच होती. शेवटी फक्त टॉवेल उरला, आणि तो तर पेशंटच आणायचे. (पायाळू माणसाच्या लाथेबद्दल नाइसचं अजून काही मत आलेलं नाही. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या ते गृहस्थ माझ्या पुढं आहेत.) देऊ काय, तर म्हणे व्यायाम द्या, समजावून सांगा, हिंडतं-फिरतं ठेवा. म्हणजे सांगलीत जे ऐकायला कुणी तयार नव्हतं, तेवढंच.

दुसरी अडचण संमतीची. हात लावण्याआधी विचारायचं, काय करणार ते सांगायचं, 'हो' म्हणाल्याचं लिहून ठेवायचं. सांगलीत "काकू, मी तुमच्या गुडघ्याला हात लावला तर चालेल का?" असं विचारलं असतं तर काकू म्हणाल्या असत्या, "मग रिक्षा करून आलोय कशाला?" इथे मी गुडघा, घोटा, खांदा सगळ्यांसाठी परवानग्या मागू लागले. महिनाभरात ही सवय इतकी अंगात भिनली, की घरी नवऱ्याच्या पाठीवरचं लोकरीचं सूत काढण्याआधीही मी विचारलं. तो घाबरला. त्याला वाटलं, काहीतरी मोठं निघालंय.

खुब्याचं हाड मोडलेल्यांचा वॉर्ड मिळाला आणि माझं खरं शिक्षण सुरू झालं. इथला नियम असा की आज ऑपरेशन झालं की उद्या माणूस उभा करायचा. वय पंच्याऐंशी असो नाहीतर पंच्याण्णव. झोपून राहिलं की छाती भरते, पायात गुठळी होते, आणि म्हातारपणी दंडाचे-मांडीचे स्नायू झपाट्यानं जातात, हे सगळं खरं. पण काल खुब्यात सळई बसवलेल्या माणसाला सकाळी साडेनऊला "चला, उभं राहू या" म्हणणारी व्यक्ती लोकप्रिय होत नाही. आम्हाला इथे पेशंट प्रेमानं फिजिओ-टेररिस्ट म्हणतात. आणि दुखणं? "दहापैकी किती?" विचारलं की ओठ पांढरे पडलेल्या आजी खिडकीबाहेर बघत म्हणतात, "दोन असेल. जरा कुरकुरतंय." तासगावच्या शंभरचे आणि या दोनचे मिळून सरासरी काढावी असं मला फार वाटतं.

आणि इथे सून नाही. खाटेभोवती पाय उचलून द्यायला कुणीच नाही. इंग्रज पोरं आईबापांना टाकतात असं आपल्याकडे म्हणायची पद्धत आहे. मी पाहिलं ते वेगळं होतं. एक आजी एक्याण्णवच्या, आणि त्यांना रोज भेटायला येणारी मुलगी अडुसष्टची, तिचा स्वतःचा गुडघा बदललेला, ती काठी टेकत यायची आणि खुर्चीत बसेपर्यंत आम्हीच तिला धरायचो. दोघींपैकी पेशंट कोण, हे हातातल्या पट्ट्यावरून ओळखायचं. मुलगा ऑस्ट्रेलियात, तो व्हिडिओ कॉलवर रडायचा. माया कमी नव्हती, हातपाय कमी होते.

तर उभं करायचं कसं? सांगलीत कोपऱ्यातल्या वॉर्डबॉयला "मामा, या जरा" म्हटलं की काम व्हायचं. मामा काखेत हात घालायचे, मावशी पाय धरायच्या, एक-दोन-तीन, पेशंट खुर्चीत. इथे काखेत हात घालून उचलणं साफ बंद. तुमच्या पाठीला इजा होते आणि पेशंटच्या खांद्याला. त्यासाठी दरवर्षी ट्रेनिंग, सरकपट्ट्या, चाकाची उभं करायची यंत्रं, छताला टांगलेले झोके. पेशंटनं स्वतःच्या बळावर उठायचं आणि आपण शेजारी उभं राहून धीर द्यायचा. म्हणजे मशीन गेली, मामा गेले, सून गेली. हातात राहिली एक जीभ.

सुदैवानं तिचं ट्रेनिंग घरी झालं होतं. माझ्या आजीनं आजोबांना अर्धांगवायूनंतर उभं केलं ते शेजारच्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढून. 'तुम्ही झोपून ऱ्हावा, बांधावरनं तो चार बोटं आत सरकलाय,' एवढं म्हटलं की आजोबा बसते व्हायचे. सहा नंबरच्या आजोबांना मी आधी पुस्तकातलं सगळं सांगून पाहिलं, स्नायू, गुठळी, छाती. ते मान हलवायचे आणि पांघरूण ओढायचे. एके दिवशी मी सहज म्हटलं, "चार नंबरवाले लाँगटनचे ना? ते सकाळीच फ्रेम घेऊन बाथरूमपर्यंत जाऊन आले." हे बर्सलेमचे. पांघरूण लाथेनं बाजूला झालं. चांगल्या पायाच्या लाथेनं, हे मी नोंदवून घेतलं. उभे राहिले, दात-ओठ खात चार पावलं टाकली आणि म्हणाले, "स्टॅन्ली मॅथ्यूज पन्नाशीत पहिल्या डिव्हिजनला खेळलाय, पोरी, आमच्याकडून." १९६५ ची फुटबॉलमधली गोष्ट, खरीच आहे, आणि मॅथ्यूज हॅन्लीचा. म्हटलं, "मग बाथरूम फार लांब नाही."

हा प्रकार मी नोंदीत कसा लिहिला असेल? 'प्रेरणादायी संवादाद्वारे रुग्णाचा सहभाग वाढवला.' 

लिहिण्याचं तर विचारूच नका. इथे काम करून भागत नाही, त्यावर चिंतन करावं लागतं. गिब्ज नावाच्या गृहस्थानं १९८८ मध्ये एक चक्र काढून ठेवलंय: काय घडलं, तुम्हाला काय वाटलं, बरं-वाईट काय, का, निष्कर्ष, पुढे काय करणार. कौन्सिल दर दोन वर्षांनी नोंदणी नव्यानं करतं आणि प्रत्येक व्यवसायातल्या अडीच टक्के लोकांची शिकण्याची वही तपासायला मागवतं. सत्यनारायणाच्या चिठ्ठीत कधी माझं नाव निघालं नाही, त्यामुळे मी निर्धास्त होते. पण यात निघेल अशी आत्याला खात्री आहे. चक्रातला 'तुम्हाला काय वाटलं' हा रकाना मला फार जड जातो. सांगलीत मला पेशंटबद्दल काय वाटतं असं कुणी विचारलं नव्हतं. मी लिहायची, 'ठीक वाटलं.' वरिष्ठ बाई फार सभ्य. त्या म्हणायच्या, "अजून थोडं खोल जाऊ शकशील का?" मग मी खोल गेले आणि लिहिलं, 'भूक लागली होती.' त्यावर त्यांनी बरोबरची खूण केली.

रात्रीची पाळी ही वेगळीच तऱ्हा. आपल्याकडे फिजिओला रात्री कुणी उठवत नाही, इथे छातीत कफ अडकला की दोन वाजता फोन येतो. या भागात छात्याही तशाच: खाणीतली धूळ, भट्टीचा धूर, आणि भांडी घासून गुळगुळीत करणाऱ्यांच्या फुप्फुसात बसलेली गारगोटीची भुकटी, जिच्या आजाराला इथले लोक पूर्वी 'पॉटर्स रॉट' म्हणायचे. पाठीवर थोपट्या, श्वासाचे व्यायाम, नळीनं कफ ओढणं, हे करता करता उजाडतं. आणि सकाळी चहाच्या खोलीत लेमन केक खाता खाता आम्ही बेडक्याच्या रंगाची चर्चा करतो. हिरवा, गंजासारखा, चिकट, दाट. नवीन आलेला एक डॉक्टर केक ठेवून उठून गेला. तो त्याचा तुकडा आम्ही वाया जाऊ दिला नाही.

पण सगळ्यात नामी परीक्षा घरी सोडतानाची. इंग्लंडात पेशंट बरा झाला म्हणून घरी जात नाही, त्याला चहा करता यायला हवा. हॉस्पिटलात खरंच एक छोटं स्वयंपाकघर असतं. तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हाताऱ्या माणसाला नेते आणि चहा-टोस्ट करायला लावते: किटली भरता येते का, गॅस-बटण बंद करायची आठवण राहते का, फ्रेम धरून कप कसा नेणार. एका आजींनी किटली भरली, दूध काढलं, कप घेतला, आणि सवयीनं उपडा केला. बुडाला 'मेड इन चायना'. आजींनी कप खाली ठेवला. "यात मी चहा करणार नाही." आयुष्य लाँगटनच्या कारखान्यात कपांचे कान चिकटवण्यात गेलेलं. माझ्या मैत्रिणीनं बराच वेळ समजावलं. चहा झालाच नाही. फॉर्मवर 'कपास नकार' असा रकाना नसतो. तिनं विचार करून लिहिलं, 'आकलनशक्ती उत्तम,' आणि आजींना घरी सोडलं.

माझ्या वाट्याला जिना. इथल्या जुन्या चाळवजा घरांत झोपायची खोली वर असते, आणि आम्ही आधीच फोनवरून पायऱ्या किती, कठडा डावीकडे की उजवीकडे, खुर्ची किती उंच, शौचालय वर की खाली, सगळं विचारून ठेवलेलं असतं. सांगलीत माझ्या पेशंटांना मांडी घालून पूजेला बसायचं असायचं किंवा आषाढीला पंढरपूर गाठायचं असायचं. सहा नंबरच्या आजोबांना स्वतःच्या पलंगावर झोपायचं होतं आणि मांजर वरच झोपतं, एवढंच. जिमच्या कोपऱ्यात लाकडी जिना आहे, चार पायऱ्या वर, चार पलीकडे खाली. शिकवायचं सूत्र इंग्लंडभर एकच: चांगला पाय स्वर्गात, वाईट पाय नरकात. चढताना चांगला पाय आधी टाकायचा, कारण अंगाचा भार त्याला उचलायचाय. उतरताना मोडलेला आधी, म्हणजे मागे राहून वजन पेलायचं काम चांगला पाय करतो.

आजोबांनी कठडा धरला, काठी धरली. चांगला पाय, मग वाईट. चांगला, मग वाईट. चौथ्या पायरीवर पोचले आणि तिथं कठड्याला टेकून जिमभर नजर फिरवली. चाकाच्या खुर्च्यांत वाट बघत बसलेल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

"आता खाली," मी म्हटलं. "वाईट पाय आधी."

"म्हणजे हा स्वर्ग?"

"सूत्रापुरता."

"आणि खाली काय?"

मी गप्प.

"मग मी इथं बराय की, पोरी," आजोबा म्हणाले. "आयुष्यभर चॅपलवाल्यांनी सांगितलं तुझं काही खरं नाही. आलोय तर राहतो."

आता ओढायचं नाही, काखेत हात घालायचा नाही, संमतीशिवाय बोटही लावायचं नाही. मी लाँगटनवाल्यांचं नाव काढलं. ते म्हणाले, लाँगटनवाला इथं येणारच नाही, उलट निवांतपणा. मॅथ्यूज काढला, तर म्हणे तो इथंच कुठंतरी भेटेल. मांजराचं काढलं तेव्हा जरा चलबिचल झाली, पण मांजर सध्या शेजारणीकडे मजेत होतं. मागे दुसऱ्या फिजिओंच्या पेशंटांची रांग लागली. माझी मदतनीस पोट धरून हसत होती, तिच्याकडून काही मदत होणार नव्हती.

तेवढ्यात कॉरिडॉरमधून जेवणाची गाडी खडखडत गेली. शुक्रवार होता. तळलेल्या माशाचा आणि व्हिनेगरचा वास दारातून आत आला.

"वाटाणे आहेत का बरोबर?" आजोबांनी विचारलं. "चेचलेले?"

"आहेत."

ते उतरले. चांगला पाय आधी टाकून, सूत्राच्या थेट उलट, आणि माझं काळीज तोंडात आलं असताना चार पायऱ्या पार करून सरळ खुर्चीत. वाईट पाय आधी टाकून मी त्यांना जेवणानंतर पुन्हा दोनदा उतरवून घेतलं, पण सकाळची नोंद सकाळीच करायची असते. मी फॉर्म उघडला आणि लिहिलं: जिना चढणे, स्वावलंबी. जिना उतरणे, एका व्यक्तीच्या देखरेखीखाली, शक्यतो शुक्रवारी.